चुकलेलं गेट

"मग चढलात कशाला?"

नकुलने विचारलं आणि हातमोजे बाकावर आपटले.

यांगचेन मॅडम स्कीच्या तळाला मेण लावत होत्या. हात थांबला नाही.

"सगळी पोरं सांगतात. राष्ट्रीय स्पर्धेतली तुमची शेवटची शर्यत. मधेच गेट चुकलं. दुसरी कोणी असती तर गुपचूप बाजूला झाली असती. तुम्ही उलट वर चढलात, त्या गेटमधून पुन्हा उतरलात आणि... सगळ्यांत शेवटच्या आलात. खरं ना?"

"खरं."

"काय मिळालं?"

"थंडी वाजली," मॅडम म्हणाल्या.

गेट म्हणजे बर्फात रोवलेल्या दोन काठ्या. उतारभर अशा जोड्या असतात आणि प्रत्येकीच्या मधूनच जावं लागतं. एक चुकली की बाद. मात्र आपल्या पायांनी वर चढून ती पार केली, तर पुढे जायची मुभा असते. ही मुभा फारसं कोणी घेत नाही. वेळ गेलेली असते, शिवाय लोक बघत असतात.

त्या सकाळी कॉलेजच्या संघाची निवड होती. मॅडम गळ्यातलं वेळ मोजायचं घड्याळ हातात धरून खाली उभ्या होत्या. नकुल ठाकूर वाऱ्यासारखा निघाला आणि निम्म्या उतारावर त्याचं गेट चुकलं. त्याने तिथेच स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या आणि पायवाटेने थेट चहाच्या टपरीवर गेला. पोरगा गुणी होता, यात वाद नाही. पण नाकावर माशी बसू देत नसे.

संघात त्याचं नाव आलं नाही.

"माझ्यापेक्षा वेगवान कोण आहे, मॅडम?"

"कोणी नाही."

"मग मला घ्या."

"संघातला प्रत्येक जण खाली पोचावा लागतो. एक मधेच सुटला की सगळे बाद. गेल्या वर्षी कोण सुटलं होतं?"

नकुल बुटाने बर्फ उकरू लागला. गेल्या वर्षी तोच सुटला होता, आणि बाकीची पोरं परतीच्या बसमध्ये त्याच्याशी बोलली नव्हती.

"हे माझं शेवटचं वर्ष आहे, मॅडम. पुन्हा संधी नाही."

मॅडमनी मेणाचा तुकडा खिशात टाकला. सामानाच्या पेटीतून दुसरं तसंच घड्याळ काढलं आणि त्याच्या हातात दिलं.

"मी उतरते. माझी वेळ बरोबर सांग. सांगितलीस, तर संघात तू."

"एवढंच?"

"एवढंच."

नकुलला हसू आलं. हे तर बालवाडीतलं काम.

मॅडम वर गेल्या. उजव्या गुडघ्यात धातूची पट्टी, डॉक्टरांनी चढ-उतार कमी करायला सांगितलेलं. पण त्या निघाल्या, नकुलने घड्याळ सुरू केलं आणि खालची सगळी पोरं वर बघू लागली. काय उतरत होती ती बाई! काठ्यांना खांदा घासत, एकेक गेट मागे टाकत.

निम्म्या उतारावर गेट चुकलं.

सकाळी नकुलचं चुकलं होतं, तेच गेट. मुद्दाम की खरोखर, ते अजून कोणाला माहीत नाही.

नकुलचा अंगठा सवयीने घड्याळाच्या बटणावर गेला. त्याने मान खाली घातली. आपल्या गुरूची फजिती बघवत नव्हती त्याला.

मॅडम मात्र थांबून वळल्या. स्की आडव्या केल्या आणि कडा बर्फात रोवत चढू लागल्या. एक पाय, मग दुसरा. गुडघा थरथरताना खालूनही दिसत होता. एकदा घसरून होत्या त्याहून खाली आल्या.

"मॅडम, राहू द्या!" कोणीतरी ओरडलं.

त्यांनी बघितलंसुद्धा नाही. पुन्हा चढायला लागल्या.

नकुलने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. आकडे थांबलेले होते.

गेट पार करून, उरलेली सगळी गेटं घेऊन मॅडम खाली आल्या. धाप लागली होती. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं,

"वेळ?"

नकुलने घड्याळ मुठीत झाकलं.

"वेळ किती, नकुल?"

"मी... बंद केलं."

"कधी?"

"तुम्ही चुकलात तेव्हा."



नकुलने घड्याळ पेटीत ठेवलं. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा प्रयत्नही त्याने केला नाही. त्याने स्की उचलल्या.

"बरोबर आहे, मॅडम. संघ नीट घेऊन जा. येतो मी."

"थांब."

मॅडमनी जाकिटाची चेन खाली ओढली आणि सकाळपासून गळ्यात असलेलं घड्याळ बाहेर काढलं. त्याच्यासमोर धरलं. आकडे पळत होते.

"तुझं मी अजून बंद केलेलं नाही."