झिजेएवढी जाड

फार वर्षं झाली. लतीफमिस्त्रींनी एका म्हाताऱ्या मोटारीचं इंजिन उघडलं, तेव्हा आतला क्रँकचा दांडा धास्तावला. झीज दिसली की आपण भंगारात, म्हणून त्याने काळं तेल अंगाशी घट्ट धरलं.

मिस्त्रींनी त्याला रॉकेलने पुसून जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावला.

"खरं सांगू नकोस रे," दांडा कळवळला. "जन्मभर गाडी ओढलीय मी."

"म्हणूनच झिजलास, दांडोबा," मायक्रोमीटर हळूच म्हणाला आणि खरं तेच माप सांगून मोकळा झाला.

दांड्याने डोळे मिटले. मिस्त्रींनी त्याला मशीनवर घासून गुळगुळीत केलं आणि त्या मापाला जुळणारी नवी बेअरिंग त्याच्याभोवती बसवली. ती अलगद बिलगली.

"पहिलीपेक्षा जाड दिसतेस!" दांडा चकित झाला.

"तू झिजलास तेवढीच," ती म्हणाली. "माप लपलं असतं, तर आपल्यात नुसती खडखड उरली असती."