बोरगावे गुरुजींचा सदरा

“...आणि तरी त्या म्हणतात चित्र चुकलंय. बरोबर असलेलं चित्र चुकीचं कसं दिसेल, अण्णा?”

अण्णा मगदूम एका जुन्या रेडिओचं पोट उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणतंय?”

“बोरगावे आज्जी. नवीन टीव्ही आहे. तीनदा जाऊन आलो.”

तेजपाल हा अण्णांचा शिष्य. जयसिंगपुरात त्यांच्या हाताखाली सहा वर्षं टीव्ही दुरुस्ती शिकला, मग पुण्याला जाऊन चित्राचे रंग बसवायचं शिकून आला. येताना एक मीटर घेऊन आला. ते पडद्यावर टांगलं की कुठला रंग किती कमी, किती जास्त, हे आकड्यांत सांगतं. तेव्हापासून गड्याचे पाय काही जमिनीला लागत नव्हते.

“मीटर काय म्हणतंय?”

“एकदम बरोबर. यापेक्षा चांगलं चित्र या गावात कुणाच्या घरी नाही.”

“आणि आज्जी?”

“निळं मारतंय म्हणतात. मुलाला सांगून टीव्ही परत करणार आहेत. मीटर खोटं बोलत नाही, अण्णा.”

“आज्जी बोलतात?”

तेजपालने मीटरची पेटी या काखेतून त्या काखेत घेतली.

अण्णांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. “चल.”

आज्जींनी दार उघडलं. बोरगावे गुरुजी जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात त्या एकट्याच. तेजपालला पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली, मागून अण्णा दिसले तशी ती गेली.

तेजपालने सवयीने खुर्चीशेजारच्या टीपॉयवर आपली पेटी मांडली आणि मीटर काढलं.

अण्णा टीव्हीकडे गेलेच नाहीत. सरळ आज्जींच्या खुर्चीत जाऊन बसले. तेजपालला जरा लाज वाटली. म्हाताऱ्याला आता कामाचं सुचत नाही, असं त्याच्या मनात आलं.

“वहिनी, तुम्ही रोज बघता ते लावा.”

आज्जी रोज एकच गोष्ट बघत. गुरुजींच्या निवृत्तीच्या सत्काराचं शूटिंग. शाळेचं पटांगण, मांडव, गळ्यात झेंडूचा हार. दोन मिनिटांचं भाषण आणि मग गुरुजी हात जोडून खाली बसतात.

“बघा,” आज्जी म्हणाल्या. “हे असे नव्हते हो. ह्यांचा सदरा दुधाच्या सायीच्या रंगाचा. जुन्या टीव्हीत बरोबर दिसायचा. आता कुणी परकाच माणूस हार घालून उभा आहे.”

अण्णा बघत राहिले.

“रंग काढ,” ते तेजपालला म्हणाले.

“किती?”

“सगळा.”

तेजपालने रिमोटवर रंग शून्यावर आणला. मांडव राखाडी झाला, हार राखाडी झाला.

“आता?”

आज्जी पुढे झुकल्या. “आता जवळचे वाटतात. फोटोतल्यासारखे.”

तेजपालला हसू आवरेना. एवढा महागाचा टीव्ही, आणि आज्जींना ब्लॅक अँड व्हाइट हवा.

अण्णांचा हात शेजारच्या टीपॉयवर गेला. तिथे मीटरची पेटी होती.

“वहिनी, इथं एरवी काय असतं?”

“माझा काळा चष्मा. थेंबांची बाटली. हा आला की उचलून खिडकीत ठेवतो, पेटी मांडायला.”

तेजपालने खिडकीकडे पाहिलं. चष्मा होता. बाटली होती. तीन वेळा, आणि आजही, त्यानेच उचलून ठेवलेली...

“ऑपरेशन कधी झालं?”

“महिना झाला. उजव्या डोळ्याचं, मोतीबिंदूचं. मी घरी आले त्याच दिवशी मुलानं हा टीव्ही लावून दिला. आईला आता नीट दिसेल म्हणून.”

“आणि डावा?”

“येत्या शुक्रवारी.”

अण्णांनी तेजपालला खूण केली. रंग परत आले.

“उजवा डोळा झाका, वहिनी.”

आज्जींनी तळहात उजव्या डोळ्यावर ठेवला.

...

“आले,” त्या म्हणाल्या. “अंधुक आहेत, पण हे आले.”

“आता डावा झाका.”

“गेले!”

त्यांनी पुन्हा हात बदलला. पुन्हा बदलला. गुरुजींचं दोन मिनिटांचं भाषण संपेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं. तेजपाल रिमोट हातात धरून बघत होता. न राहवून त्यानेही आधी एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. त्याच्या टीव्हीत काहीच बदललं नाही.

“म्हणजे टीव्ही नव्हे,” आज्जी सावकाश म्हणाल्या. “डोळा.”

“डोळा. जुन्या डोळ्याच्या भिंगात पिवळं साचतं. हळूहळू साचतं, कळत नाही. ऑपरेशनात ते भिंग जातं, मग निळं दिसायला लागतं.”

आज्जींनी हात मांडीवर घेतले.

“मग शुक्रवारी मी जात नाही.”

“वहिनी...”

“अंधुक तर अंधुक. ह्या एका डोळ्यात तरी हे आहेत. तोही धुऊन टाकला तर मी ह्यांना कुठं बघू?”

तेजपालने टीपॉयवरचं मीटर उचललं आणि पेटीत ठेवलं.

“मी सेटिंग बदलून देतो, आज्जी. पिवळं वाढवतो. नव्या डोळ्यालाही सदरा सायीचाच दिसेल. मीटर काय म्हणायचं ते म्हणू दे.”

तो मनापासून बोलत होता. पुण्याहून आल्यापासून मीटरच्या विरुद्ध तो पहिल्यांदाच बोलला.

अण्णांनी हात वर केला. “थांब.”

मग आज्जींकडे वळून म्हणाले, “तो सदरा आहे का घरात?”

सदरा ट्रंकेत होता, जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. बारा वर्षांत त्यांनी तो उलगडला नव्हता. हिंमत झाली नव्हती, असं त्या म्हणाल्या.

“दारात या. उजेडात.”

बाहेर ऊन चांगलं वर आलं होतं. आज्जींनी उंबऱ्यात उभं राहून डावा डोळा झाकला आणि सदरा उजव्या डोळ्यासमोर धरला.

“पांढरा आहे,” त्या म्हणाल्या. “हा पांढरा आहे हो...”

गळपट्टीवरून त्यांचं बोट खाली आलं. छातीपाशी थांबलं.

“हे काय?”

तेजपाल वाकला. बोटाच्या पेराएवढा निळा डाग होता.

आज्जी हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि डॉक्टरांनी डोळ्याला हात लावू नका सांगितलं होतं म्हणून त्यांनी ते तसंच गालावर येऊ दिलं.

“नीळ! माझ्या हातची नीळ. सत्काराच्या आदल्या दिवशी घाईत धुतला. नीळ नीट विरघळलीच नव्हती, डाग बसला. मी रडकुंडीला आले. हे म्हणाले, राहू दे गं, हाराखाली झाकून जाईल.”

त्यांनी उजवा डोळा झाकून डाव्याने पाहिलं.

“ह्या डोळ्याला दिसतच नाही तो.” मग जरा वेळाने म्हणाल्या, “सायीचा रंग कुठून काढला मी? सगळे सदरे पांढरे होते. जन्मभर नीळ मीच घालत होते...”

त्या आत जाऊन खुर्चीत बसल्या. तळहात डाव्या डोळ्यावर घट्ट दाबून धरला.

“लाव रे.”

तेजपालने लावलं. मांडव, पटांगण, झेंडूचा हार. पांढऱ्या स्वच्छ सदऱ्यातले गुरुजी बोलायला उभे राहिले. आज्जी हाराकडे बघत होत्या.

“आता कसे दिसतात, आज्जी?” तेजपालने विचारलं. सेटिंगबद्दल तो काही बोलला नाही.

“डाग लपवून उभे आहेत,” त्या म्हणाल्या. आणि नजर न काढता, “शुक्रवारी मला दवाखान्यात सोडशील का? रिक्षावाला येतो म्हणतो आणि येत नाही.”

“सोडतो.”

निघताना तेजपालने चष्मा आणि बाटली खिडकीतून उचलून टीपॉयवर ठेवली. पेटी काखेत घेतली.

अण्णा पायरीवर बसून चप्पल घालत होते. तेजपाल दोन पावलं चालला, थांबला. त्याला राहवेना.

“पण अण्णा... म्हणजे मीटर बरोबरच होतं.”

“होतं की.”

“तिन्ही वेळा.”

“तिन्ही वेळा.” अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, पेटीकडे पाहिलं. “आता विचार त्याला, हाराखाली काय आहे.”