हरकत नाही म्हणजे काय?

नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं एक गाव होतं. घरं दोन्हीकडे, पण सुईण एकच, अलीकडच्या काठावर. पावसाळ्यात पलीकडे कुणी बाळंतीण अडली की तिचा जीव टांगणीला लागे. एका वर्षी पाणी उतरेपर्यंत सुईण काठावरच ताटकळली, आणि पोचली तेव्हा फार उशीर झाला होता.

राजाने लाकडी साकव बांधायचा हुकूम दिला. गावाला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका, असंही बजावलं.

राजाचा कारभारी आला आणि त्याने गाव कचेरीपुढे जमवलं. कचेरीच्या उंच ओट्यावर बसून त्याने नकाशा उलगडला. त्यात साकव देवळाच्या घाटावर दाखवला होता. मग खड्या आवाजात वाचलं, "प्रस्तुत जागेविषयी कुणाची हरकत असल्यास ती निवेदन करावी."

सगळे गप्प. कारकुनाने लगेच टाक बुडवला. "हरकत नाही, असं लिहितो, सरकार." असल्या कामात तो भलताच तरबेज होता.

कारभारी शिक्का उचलणार, तोच खाली बसलेली सुईण शेजारणीला म्हणाली, "हरकत म्हंजी भांडाण का गं? सरकाराशी कोण भांडंल?"

कारभाऱ्याचा हात थांबला.

"मारा शिक्का," कारकून कुजबुजला. "नकाशा दरबारातून आलाय. चूक निघाली तर बोलणी आपल्यालाच."

ते खरंच होतं. तरी कारभारी ओट्यावरून उतरला आणि सुईणीसमोर जमिनीवर बसला.

"मावशी, पूर आला की पाणी आधी कुठं चढतं?"

"घाटावरच की! बघता बघता पायऱ्या गडप. वरच्या अंगाला काळा खडक हाय, त्यो बुडल्याला म्या कधी बघितला न्हाई."

"मग मघाशी का बोलला नाहीत?"

"तुमी इचारलंच कुठं?"

कारभारी ओशाळला. मग गुराखी बोलला, कोळी बोलला, जो तो बोलू लागला. कारकुनाची बोटं दुखून आली. कारभाऱ्याने नकाशा बदलण्याविषयी राजाला लिहिलं, दरबारात बोलणीही खाल्ली, पण साकव काळ्या खडकावरच झाला.

पुढच्या भादव्यात घाट पाण्याखाली गेला, आणि त्याच दिवशी पलीकडून बोलावणं आलं. सुईण साकवावरून चालत गेली. संध्याकाळी मुलगी झाली. आई आणि लेक, दोघी सुखरूप.

तात्पर्य: सभा भरवली म्हणजे लोकांना विचारलं असं होत नाही, त्यांना उत्तर देता येईल असं विचारणं, हेच अधिकाऱ्याचं काम.