हातवळ्याच्या तालमीची माती

हातवळ्याच्या डावरी गल्लीत शिरलं की उजव्या हाताला, उंच जोत्यावर तालीम दिसते. नावाला तालीम. वरच्या मजल्यावर पोरापोरींची अभ्यासिका आहे, ओसरीवर दुपारी शिवणवर्ग भरतो, मंगळवारी तिथंच तान्ह्या बाळांना लस टोचतात, आणि कुणाच्या घरात भांडण पेटलं तर समजुतीसाठी दोन्ही बाजूंना इथंच आणून बसवतात. या सगळ्याच्या मधोमध तांबड्या मातीचा आखाडा आहे. दुसऱ्या तालमींत माती जुनी झाली की उपसून टाकतात. इथली कधीच उपसत नाहीत. वरून भर तेवढी घालतात.

कारण विचारलं तर गल्लीतले म्हातारे खाकरून येसाबा वस्तादांपासून सुरुवात करतात. बायका हौसा सुईणीपासून करतात. बायकांचीच गोष्ट खरी धरावी. त्या दिवशी काय घडलं ते त्यांच्या आज्यांनी डोळ्यांनी पाहिलं; म्हाताऱ्यांचे आजे भिंतीकडे तोंड करून बसले होते.

हौसा तेव्हा जेमतेम बावीस वर्षांची. आईच्या हाताखाली सुईणपण शिकलेली. हाताला गुण आणि जिभेला धार. त्या काळी तालमीत बाईनं पाऊल टाकायचं नाही, अशी येसाबा वस्तादांनी मारुतीपुढं आण घेतली होती. बाईचा पाय मातीला लागला तर त्याच दिवशी लंगोट सोडीन, पुन्हा कुस्ती धरणार नाही! वीस वर्षं ती आण पाळली गेली. खुद्द वस्तादांची आईसुद्धा भाकरी पायरीवर ठेवून परत जाई, म्हणे.

एका श्रावणात पंचगंगा चढली ती थेट गल्लीत आली. घरं बुडाली, कोरडं राहिलं ते तालमीचं जोतं. पुरुष आत शिरले. बायका आणि पोरं बाहेर पायऱ्यांवर, डोक्यावर घोंगडी घेऊन बसली. आणि भर दुपारी, खालच्या तीन पायऱ्या पाण्यात असताना, तानूबाईला कळा सुरू झाल्या. पहिलटकरीण, हौसाची लहानपणापासूनची मैत्रीण. अंगाखाली ओला दगड, वरून झड. हौसानं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तिला कळलं, ही इथं वाचायची नाही.

तिनं दार बडवलं. आत वडीलधाऱ्यांनी लगेच बैठक घातली. दार उघडायचं की नाही, यावर प्रत्येकाला बोलायचं होतं.

"जरा दम धर, हौसे," आतून एक म्हातारा ओरडला. "मोठ्या माणसांचा विचार चाललाय."

"चालू द्या की! तुमचा विचार संपेस्तोवर हे पोर रांगत आत येईल!"

तिनं तानूला काखेत हात घालून उठवलं आणि खांद्यानं दार ढकललं. दारात येसाबा वस्ताद उभे. दाराएवढी छाती.

"हौसे, माझी आण हाय."

"वस्ताद, मातीत काय काय घालता?"

वस्तादाला मातीबद्दल विचारलं की पूर असो, आग असो, तो सांगतोच. "हळद. गोडंतेल. ताक. लिंबू, कापूर."

"कशापायी?"

"माती मऊ ऱ्हावी. जखम चिघळू न्हये. पडणाऱ्याला लागू न्हये."

"मग बाळंतिणीला दुसरं काय पायजे असतंय वो?"

वस्तादांनी मागं वळून मारुतीकडं पाहिलं. "पर मारुतीराया..."

"आण तुम्ही घेतली. त्यानं मागितली न्हवती."

तेवढ्यात तानूनं किंकाळी फोडली. वस्ताद बाजूला झाले. मागं वळून त्यांनी एकच हुकूम सोडला, "समदी भिंतीकडं तोंड करा!"

आखाड्याच्या मातीवरच मुलगी झाली. पण रडेना. हौसानं तिला पालथं धरलं, पाठ चोळली, तोंड पुसलं. काही केल्या रडेना. तानू वर मान करून विचारत होती, "काय झालं गं? बोल की." हौसानं आयुष्यात पहिल्यांदाच कुणा मोठ्या माणसाला मदतीला हाक मारली.

"वस्ताद!"

येसाबांनी बेशुद्ध पडलेले कितीक पैलवान चोळून उठवले होते. त्यांनी तेल-हळद घेतली आणि पोरीच्या पावलापेक्षा मोठा अंगठा तिच्या तळव्यावर फिरवू लागले. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पोरीनं असा टाहो फोडला, की चाळीस पैलवानांनी, भिंतीकडं तोंड करूनच, मांड्यांवर हात आपटून एकदम शड्डू ठोकले! असं सांगतात की त्या दणक्याला पंचगंगा दचकली आणि एक पायरी खाली उतरली.

चौथ्या दिवशी पूर ओसरला आणि वडीलधाऱ्यांचा विचार पूर्ण झाला. माती विटाळली, सगळी उपसा, नदीत टाका, आणि बायाबापड्यांना पुन्हा आत घ्यायचं नाही. फावडीसुद्धा आणली. हौसा पदर खोचून पुढं निघाली, पण वस्तादांनी तिला हातानं थांबवलं. तानूच्या मांडीवरून त्यांनी पोरीला उचललं, आखाड्यात उतरले आणि मातीवर मधोमध ठेवलं.

"उपसा की," ते म्हणाले. "आधी हिला उचला."

कुणीच उचललं नाही. फावडी धरलेले हात एकेक करून खाली आले.

"लंगोट मी सोडला, ती माझी आण," वस्ताद म्हणाले. "माती हिची."

पुढं कधी त्यांनी कुस्ती धरली नाही. त्यांच्या वाटणीचं बदामाचं दूध सव्वा महिना तानूच्या घरी जात राहिलं. आणि तालमीचं दार जे उघडलं ते उघडंच राहिलं.

आजही डावरी गल्लीत बाळ जन्मलं, मुलगा असो की मुलगी, कुणाच्याही घरचं असो, बाराव्या दिवशी त्याची आई स्वतःच्या पायांनी आखाड्यात उतरते आणि बाळाला मातीवर ठेवते. गल्लीतला सर्वांत म्हातारा माणूस त्याच्या तळव्यांना तेल-हळद लावतो, बायका "आजोबा, हळू!" म्हणून त्याला दटावतात. मग कुस्ती शिकणाऱ्या पोरी आणि पोरं मिळून शड्डू ठोकतात. बाळ दचकून भोकाड पसरतं, गल्ली खदखदून हसते, पेढे वाटले जातात. आणि दिवस पावसाळ्याचे असतील, तर दोन-चार जण पळत नदीकडं जातात, पाणी किती उतरलं ते बघायला.