पुनाई बसली ती जागा

फार वर्षांपूर्वी झाडीपट्टीतल्या आमच्या गावात पुनाई नावाची, मासे धरणाऱ्या ढिवरांतली बाई राहायची. तिला कोणी कधी बसलेलं पाहिलं नव्हतं, असं म्हणतात. भातही ती उभ्यानंच खायची. तिच्या माहेरचा तलाव एका पावसाळ्यात फुटला होता आणि त्या पाण्यानं तिची माय नेली होती. तेव्हापासून आभाळ भरून आलं की ती आमच्या तलावाचं पाणी अडवणाऱ्या मातीच्या पाळीवर येरझारा घाली, पायानं माती चाचपून पाही.

बायका धानाच्या बांधीतला, म्हणजे भाताच्या खाचरातला, लव्हाळा उपटून फेकत. पुनाई तो ओटीत भरून पाळीवर नेई आणि पाण्याच्या कडेला ओल्या मातीत गाठीसकट दाबी. डोमाजी पाटील एकदा हसून म्हणाले, "वावरातला वैरी पाळीवर पोसतेस का वं?"

"वावरात तो चोर हाये, पाटील. पाण्याकाठी त्याचं घर हाये. आपलं घर कोण बुडू देते?"

पाटलांना ते पटलं नाही. लव्हाळा पसरत पसरत बांध्यांत उतरेल, या धास्तीनं एका उन्हाळ्यात सगळ्या गावानं पाळ खणून साफ केली. पुनाई एकेकाचा हात धरत फिरली; कोणी थांबलं नाही. उपटलेल्या लव्हाळ्याचे ढीग जाळायला ठेवले, पण सगळा उन्हाळा तापला तरी ते वाळले नाहीत, असं म्हणतात.

मग पाऊस लागला तो उघडेना. खणलेली पाळ मधोमध खचली. माती टाकावी, ती वाहून जावी. खाली गाव, घरांत लेकरं. तेवढ्यात पुनाई धावत आली आणि त्या खिंडारात मांडी घालून बसली.

लोक थिजले. पुनाई बसली होती.

"पाहाता काय? ढीग आणा. माझ्याभोवती दाबा."

पहिला भारा पाटलांनीच उचलला. लव्हाळ्यानं तिथल्या तिथं मुळं धरली, ती पुनाईच्या केसांत गुंतली, खोल मातीत उतरली, आणि पाणी अडलं, असं म्हणतात. पाऊस थांबल्यावर लोक तिला उठवायला गेले. पुनाई नव्हती. दाट लव्हाळा होता, आणि वारा नसतानाही तो हलत होता.

आजही निंदण सुरू झालं की पहिल्या दिवशीचा लव्हाळा आमच्याकडे फेकत नाहीत. घराघरातून कोणीतरी मूठभर घेऊन पाळीवर जातं, कडेला दाबतं. मग सगळी पाळ चालून, पायानं माती चाचपून येतं. शेवटी त्या जागी वाकून म्हणतं, "तू बस, माय. आता आमी चालतो."