भुकेची हाक आणि वाट कोरणारी मुंगी

माळाच्या कडेला, एका बोरीच्या मुळाशी, मुंग्यांचे जुने वारूळ होते. मुलांनो, त्या वारुळाची एक रीत होती. कुठल्याही कोपऱ्यातून भुकेची हाक आली, की वाट कोरणाऱ्या मुंगीने तिकडे भुयार कोरायचे आणि मग त्या वाटेने दाणे जायचे. हाक कोणाची, हे विचारायचे नाही. भुकेल्याची चौकशी करणे म्हणजे पाप, असे तिथे सगळ्याच मानत. रीत चांगली होती. तिच्यावरच तर वारूळ वाढले होते.

त्याच वारुळात एका आडबाजूच्या खोलीत एक अळी होती. बाकीच्या अळ्या पोटभर खात, कोशात झोपत आणि मुंगी होऊन कामाला लागत. हिला ते नको होते. "मुंगी झाले की जन्मभर राबा! त्यापेक्षा अळीच बरी," असे म्हणून ती नुसती खात सुटली आणि एकीच्या दोन, दोनाच्या चार अशी वाढू लागली. पण तिच्या खोलीला वाट नव्हती. फटीतून गळतील तेवढेच कण मिळत, म्हणून अळ्यांचा तो गोळा तुरीच्या दाण्याएवढा झाला आणि तिथेच अडला. तसाच राहिला असता, तर कोणाचे काही बिघडले नसते. पण एके दिवशी गोळ्याने हाक दिली, "भूक! भूक लागली गं!"

वाट कोरणारी मुंगी हातचे काम टाकून धावली. हाका थांबेनात, म्हणून तिने एक सोडून अनेक वाटा कोरल्या. घाईत त्या वाकड्यातिकड्या झाल्या, भिंती लिंपायच्याही राहिल्या. गोळा फुगू लागला. इकडे बाळखोलीत दाणे कमी येऊ लागले. तिथल्या अळ्या सुकत चालल्या, तशी त्यांना सांभाळणारी दाई मुंगी कासावीस झाली.

"बाई गं, कोणाला खाऊ घालतेस तू?" तिने विचारले. "त्या खोलीतून आजवर एक तरी मुंगी बाहेर पडली का?"

"ते मला काय ठाऊक? आमच्या सात पिढ्यांनी भुकेल्याला कधी परतवले नाही," वाट कोरणारी म्हणाली आणि पुन्हा कोरायला लागली.

दाईच्या जिवाला घोर लागला, आणि तो खोटा नव्हता. न लिंपलेल्या भिंतींच्या फटींतून गोळ्यातल्या काही अळ्या वाटेत उतरल्या. ज्या वाटेने दाणे येतात त्या वाटेने दुसरेही कोणी जाऊ शकते, हे कोणाच्या डोक्यातच आले नव्हते. एक अळी कोठाराशी थांबली. दुसरी थेट राणीच्या खोलीमागे जाऊन बसली. आता तिथूनही हाक आली, "भूक! भूक!"

वाट कोरणारीचे पाय सवयीने निघाले आणि राणीच्या भिंतीपाशी येऊन थांबले. इथे कोरले, तर छत राणीवर कोसळणार होते.

"ही इथे आली कशी?" तिने घाबरून विचारले.

"तुझ्याच वाटेने," दाई रडत म्हणाली.

वाट कोरणारी उलट फिरली आणि आपल्याच वाटा बुजवू लागली. बुजवणे कोरण्याहून कठीण होते. गोळा आकसू लागला, पण हाका आता चहूकडून येत होत्या, आणि त्यांत बाळखोलीचीही होती. खरी कोणती? तिने आयुष्यात पहिल्यांदा हाकेला प्रश्न केला, "पोट भरल्यावर तू काय होशील?"

"आणखी खाईन," कोठारातून उत्तर आले.

"आणखी खाईन," राणीच्या भिंतीमागून आले.

बाळखोलीतून अगदी बारीक आवाज आला, "मुंगी होईन."

ती बाळखोलीकडे धावली. मागच्या हाका काही थांबल्या नाहीत. त्या वारुळात अजूनही त्या येतात आणि दाई दचकून जागी होते. पण वाट कोरणारी आता विचारल्यावाचून माती उकरत नाही.

मुलांनो, शरीरात कर्करोगाची गाठ अशीच हाक देते. आपलेच शरीर तिच्यापर्यंत नव्या रक्तवाहिन्या नेते. त्यांतून गाठीला अन्न मिळते आणि त्यांतूनच तिच्या पेशी दूरवर जाऊन बसतात. म्हणून काही औषधे गाठीच्या या वाटाच अडवायला बघतात.

तात्पर्य : भुकेल्याला वाट जरूर द्यावी, पण ज्याला नुसते वाढायचेच आहे, त्याला दिलेली वाट एक दिवस आपल्याच काळजापर्यंत पोचते.