कागदाबरहुकूम धरण

चिंचोशी गावात म्हाळू नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा हे आपलं चारचौघांत म्हणायचं. घरात त्याची बायको सगुणा वेगळा शब्द वापरायची, तो इथे सांगत नाही.

गावाला एक छोटं धरण होतं आणि त्यातलं पाणी गावाला वर्षभर पुरवायचं होतं. एवढं नाजूक काम, म्हणून सरकारने नीट शोधून म्हाळूलाच नेमलं. काम काय, तर दोन चाकं फिरवायची. एक फिरवलं की नदीत पाणी सुटायचं, दुसरं फिरवलं की गावाच्या नळाला. पाणी किती आहे हे बघायला भिंतीवर आकड्यांची पट्टी रंगवलेली होती.

श्रावणात धरण भरत आलं. तालुक्याहून रायकर साहेब आले. म्हणाले, "पाणी चाळीस फुटांवर गेलं की नदीचं दार उघडायचं."

पाणी चाळिसावर गेलं. म्हाळूने दार उघडलं आणि घरी जाऊन जेवला. जेवल्यावर पडला. चार दिवसांनी साहेब येतात तर पट्टीवर पंचवीस.

"अरे, दार बंद कोण करणार?"

"ते तुम्ही बोलला नव्हता, साहेब."

"पाणी उतरायला लागलं की लगेच दार बंद. कळलं?"

"कळलं."

नशीब, भाद्रपदात पाऊस पुन्हा लागला आणि धरण भरलं. मग आली दिवाळी. पहिल्या अंघोळीला पहाटे म्हाळूने गावाच्या नळाचं चाक फिरवलं आणि पट्टीपाशी जाऊन बसला. पाणी बोटभर उतरलं. म्हाळूने लगेच चाक बंद केलं. शिकवलेलं विसरणारा माणूस नव्हता तो. इकडे सगळं गाव अंगाला तेल-उटणं फासून नळाकडे बघत बसलं. दुपारपर्यंत उटण्याची खपली धरली. सरपंच कमळाक्का तशीच, पिवळ्या तोंडाने, साहेबांना फोन करत होती.

साहेब म्हणाले, "गावाचं पाणी बंद करायचं नाही. काही झालं तरी नाही."

"बरं साहेब."

पौषात बाजाराच्या दिवशी ऐन बाजारात पाइप फुटला. कांद्याच्या पाट्या तरंगायला लागल्या. मिरचीवाली ओट्यावर चढून बसली. माणसं धावत धरणावर आली, "चाक फिरव रे बाबा." म्हाळूने चाकाला मिठी मारली. काही झालं तरी नाही. पुढे तीन दिवस बाजारात ओढा वाहत होता.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हाळू, पाणी वाया जाताना दिसलं की आधी ते भोक बुजवायचं."

हे म्हाळूला मनापासून पटलं. तो डोळ्यांत तेल घालून भोकं शोधू लागला. महाशिवरात्रीला देवळात गेला तर पिंडीवर टांगलेल्या तांब्याच्या भांड्यालाच बुडाशी भोक. थेंब थेंब पाणी जातंय आणि धोंडू गुरव समोर डोळे मिटून बसलाय. म्हाळूने सिमेंटची गोळी करून भोक बुजवलं. सव्वा तास मंत्र झाले, पिंडी कोरडी. गुरवाने डोळे उघडले, वर बघितलं, आणि अभिषेक अर्धा सोडून म्हाळूच्या मागे धावला.

आता मात्र साहेबांनी हात टेकले. त्यांनी तालुक्याला पंख्याखाली बसून वर्षाचा तक्ता आखला होता. दर महिनाअखेरीला धरणात किती पाणी असायला हवं, ते त्यात होतं. तो म्हाळूच्या हातात दिला. "यापुढे डोकं चालवायचं नाही. हा कागद आणि ही पट्टी. दोन्हींत फरक पडला तर मला तोंड दाखवू नकोस."

"बरं साहेब."

वैशाख आला. यंदा पाऊस पंधरा दिवस उशिरा येणार, अशी बातमी लागली. गाव घाबरलं. कमळाक्काने घरोघर जाऊन बायांना हात जोडले. बायांनी धुणं आठवड्यावर नेलं, भांडी राखेने घासली, तांदळाचं धुवण गुरांना पाजलं. पाहुण्यांना फोन करून सांगितलं, येऊ नका. पोरांच्या अंगावर पुटं चढली. पण मे संपताना धरणात दहा फूट पाणी उरलं होतं. बघून कमळाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पाऊस येईपर्यंत गाव तरलं म्हणायचं.

एकतीस मेला सगळं गाव शेजारच्या गावी लग्नाला गेलं. म्हाळू एकटाच कामावर. त्याने कागद बघितला. एकतीस मे, शून्य. पट्टी बघितली. दहा. दहा फुटांचा फरक! त्याने दोन्ही हातांनी नदीचं चाक फिरवलं.

संध्याकाळी वऱ्हाड परतलं तर नदी दुथडी वाहत होती. वर कुठेतरी पाऊस झाला म्हणून लोकांनी हात जोडले. कुणी कुणी तर पुलावर नारळही फोडला.

एक जूनला सकाळी साहेब धावत आले. धरणात चिखल होता. कमळाक्का काठावर मटकन बसली होती. म्हाळू तेवढा ताठ उभा होता.

"घ्या साहेब. कागदावर शून्य, पट्टीवर शून्य."

म्हाळूने कागदाच्या पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे साहेबांच्याच अक्षरात लिहिलं होतं, एक जून, पावसाला सुरुवात. मग त्याने वर बघितलं. लख्ख ऊन पडलं होतं.

"माझं काम चोख आहे, साहेब," तो म्हणाला. "कामचुकारपणा वर चाललाय. त्याला कागद तुम्ही दिला होता ना?"